हजार अंशांचा हक्क

नवरा वारला की हक्क बायकोकडे जाई. तीही गेली की हक्क संपला. मुलगा, मुलगी, नातू, कोणाच्याच नावावर तो चढणार नव्हता. फ्रान्समध्ये 30 ऑगस्ट 1960 च्या अध्यादेशाने हे ठरवलं. जमीन मुलांना मिळेल, झाडं मिळतील, झाडाखाली चरणारी गाय मिळेल. पण त्या झाडांच्या फळांची दारू करमाफीत गाळण्याची मुभा ज्याच्याकडे आज आहे, त्याच्याबरोबरच ती जाईल. कोणाच्या हातून काही काढून घ्यायचं नाही, फक्त थांबायचं. माणसं एकेक करून जाण्याची वाट पाहत एखादी रीत संपवणारा हा कायदा मी पहिल्यांदा समजून घेतला, तेव्हापासून तो माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

मुभा होती तरी केवढी? वर्षाला दहा लिटर शुद्ध अल्कोहोल. शंभर अंशांचं दहा लिटर म्हणजे हजार अंश, म्हणून गावाकडे नुसतं ‘हजार अंश’ म्हणायचे. 50 टक्क्यांची गाळली तर 20 लिटर दारू होते. ती घरच्यासाठी, विकायची नाही. स्वतःच्या बागेतलं फळ गाळणाऱ्या अशा माणसाला ‘बुयर द क्रू’ म्हणतात, आणि 1950 च्या दशकात असे बागवाले फ्रान्सभर लाखोंनी होते. कोणी प्लमची गाळी, कोणी चेरीची, द्राक्षांच्या मुलखात द्राक्षाच्या चोथ्याची. नॉर्मंडी, ब्रिटनी आणि नॉर्मंडीला दक्षिणेकडून चिकटलेला मेन या भागांत द्राक्ष नीट पिकत नाही, सफरचंद मात्र दारोदार. तिथे सायडरची, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाची गाळायचे. त्याच दारूचं दुकानात आणि देशोदेशी पोहोचलेलं रूप म्हणजे काल्वादोस. घरच्या पिंपातली असेल तर तिला ते नाव कायद्याने लावता येत नाही. घरात ती साधी ‘गूत’.

कामानिमित्त काही वर्षं मी नॉर्मंडीत राहिले. दारूची मी फार शौकीन नव्हते आणि आजही नाही. मला ओढ लागली ती झाडांमुळे.

काँ शहराच्या पूर्वेला पेई दोज नावाचा टापू आहे. लिझिये, पाँ-लेव्हेक, कांब्रमेर ही त्यातली गावं. कामांबेर, लिव्हारो आणि पाँ-लेव्हेक ही तिन्ही चीज याच टापूतली, आणि हा योगायोग नाही. इथली जुनी सफरचंदाची बाग म्हणजे कुरणच असतं. झाडाचं खोड गायीच्या तोंडाच्या वर जाईपर्यंत सरळ वाढवायचं, मग फांद्या फुटू द्यायच्या. खाली ठिपक्याठिपक्यांच्या नॉर्मांद गायी चरतात, वर सफरचंद लागतं. एकाच तुकड्यातून दूध आणि सायडर दोन्ही निघतं. शरदात फळ गळायला लागलं की गायींना बाहेर काढतात, एरवी सफरचंद खाऊन त्या फुगतात.

ही सफरचंदं आपण खातो तशी नव्हेत. लहान, कधी कधी लिंबाएवढीच, सालीवर खरखरीत डाग पडलेली. पहिल्यांदा चावलं तेव्हा कच्च्या केळ्यासारखी जीभ आखडली. त्यांचे चार वर्ग करतात: कडू, कडू-गोड, गोड आणि आंबट. कडूमधून तुरटपणा येतो, गोडातून साखर आणि पर्यायाने अल्कोहोल, आंबटातून ताजेपणा; आंबटपणामुळे सायडर लवकर बिघडतही नाही. बिने रूज, फ्रेकँ रूज, बिस्के, नोएल दे शां, रांबो अशी जातींची नावं शेकड्यांनी आहेत. एका जातीचं सायडर करून ते गाळण्यात कोणाला रस नसतो. कडवट जास्त, आंबट बेताचं, हे प्रमाण प्रत्येक घर आपल्या बागेनुसार बसवतं, आणि बाग लावणाऱ्या आजोबांनी ते झाडं लावतानाच बसवून ठेवलेलं असतं. नातवाच्या हातात फारसं काही उरत नाही.

दक्षिणेला ओर्न जिल्ह्यात दोंफ्रों गाव आहे. तिकडची माती वेगळी, आणि तिथे सफरचंदापेक्षा नासपतीचा मान मोठा. इथली नासपतीची झाडं पाहून मी अक्षरशः थांबले होते. चिंचेएवढा विस्तार, पंधरा-वीस मीटर उंची, खोडाला दोघांनी मिळून कवेत घ्यावं लागेल असा घेर. एप्रिलमध्ये फुलतात तेव्हा सगळं झाड पांढरं होतं, पान दिसत नाही. नासपती वाढायला शंभर वर्षं घेते, शंभर वर्षं फळते आणि मरायला शंभर घेते, असं तिथले लोक सांगतात. झाडं पाहिल्यावर ती अतिशयोक्ती वाटत नाही. फळ इतकं तुरट की पक्षीही सहसा तोंड लावत नाहीत. प्लां द ब्लां ही तिथली मुख्य जात. नासपतीचं आंबवलेलं पेय, ‘पॉयरे’, गावात वेगळं पितातच; आणि दोंफ्रोंतॅ नावाने विकल्या जाणाऱ्या काल्वादोसमध्ये किमान 30 टक्के भाग नासपतीचा असावाच लागतो. शंभरी पार केल्यावर भरात येणारं झाड जो लावतो, तो स्वतःसाठी लावतच नाही. आणि अशा झाडांच्या मुलखातच मुलाकडे न जाणारा हक्क आला.

आता गाळण्याकडे येते. सप्टेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत फळ आपोआप गळतं, ते वेचून काही दिवस ढिगात मऊ होऊ देतात. मग चिरडणं, रस काढणं. जुन्या शेतांवर अजून ग्रॅनाइटचा गोल हौद आणि त्यात घोड्याने फिरवायचं दगडी चाक दिसतं, आता त्यात फुलझाडं लावलेली असतात. चिरडलेला चोथा थोडा वेळ हवेत ठेवला की तांबूस होतो, मग दाबयंत्रात जातो. पूर्वी चोथ्याच्या थरांमध्ये गव्हाचा पेंढा घालायचे. रस थंडीत हळूहळू आंबतो. घाई करायची नाही, साखर किंवा बाहेरचं यीस्ट घालायचं नाही, सगळी साखर संपेपर्यंत वाट पाहायची. बाटलीतून पिताना गोडसर लागतं ते सायडर निराळं. गाळायचं सायडर कोरडं ठणठणीत आणि अगदी आंबट असतं. हिशेब असा सांगतात: साधारण 18 किलो सफरचंदांपासून 13 लिटर सायडर, आणि त्यापासून 70 टक्क्यांची एक लिटर दारू. म्हणजे घरच्या हजार अंशांसाठी अडीचशे ते पावणेतीनशे किलो फळ. एका चांगल्या वर्षी मोठी दोन-तीन झाडं एवढं सहज देतात.

पेई दोजमध्ये तांब्याच्या भांड्यातून दोनदा गाळावं लागतं, असा नियमच आहे. कांब्रमेरजवळच्या एका शेतावर हे मी जवळून पाहिलं. पहिल्या वेळी सायडर तापवून जे निघतं ते गढूळसर, 30 टक्क्यांच्या आतबाहेर. त्याला ‘छोटं पाणी’ म्हणतात. तेवढं साठलं की तेच पुन्हा भांड्यात. ही दुसरी आच महत्त्वाची, आणि तिच्यात माणूस हलत नाही. पहिली धार येते ती डोळ्यांत जाते, वास सरळ डिंकाच्या बाटलीचा. ती वेगळ्या भांड्यात. गाळणारा गृहस्थ दर थोड्या वेळाने दोन थेंब तळहातावर घेई, दोन्ही हात एकमेकांवर घासून नाकाशी नेई. मोजायची काचेची नळी शेजारीच होती, पण तिच्याकडे तो नंतर बघे. एकदा, दोनदा, पाचदा डिंक. आणि मग एका क्षणी त्याने न बोलता नळीखालचं भांडं बदललं. माझ्या तळहातावर त्याने थेंब टाकले तेव्हा डिंक गेलेला होता. सालीसकट किसलेल्या सफरचंदाचा वास होता, त्यामागे किंचित मिरीसारखं काहीतरी. हा मधला भाग, त्याला ते ‘हृदय’ म्हणतात, तोच पिंपात जातो. 72 टक्क्यांच्या वर तो जाऊ द्यायचा नाही. शेवटी धार जड होत जाते, ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो, तेव्हा पुन्हा भांडं बदलायचं. सुरुवात आणि शेपूट पुढच्या आचेत परत मिसळतात.

मी सावंतवाडीकडची. तेरेखोल नदीच्या पलीकडे गोव्यात मार्च ते मे काजूच्या बोंडवांची भट्टी लागते, आणि तिथेही पहिल्या गाळपात हलका हुर्राक निघतो, तोच पुन्हा गाळला की फेणी. त्यामुळे कांब्रमेरच्या त्या शेडमध्ये मला काही परकं वाटलं नाही: तांबं, लाकडाचा जाळ, भांड्यातून निघून थंड पाण्यात बुडालेली नळी, आणि नाकावर विश्वास टाकून बसलेला माणूस. काजूच्या फेणीला 2009 मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. आमच्या बाजूला झाडं तीच, बोंडू तोच, पण नदीच्या अलीकडे कायदा वेगळा, म्हणून बी काढून घेतलं की बोंडवांचा सडा झाडाखाली कुजतो. लहानपणी त्या कुजक्या गोड वासातून शाळेत जायचे. फळ आणि भट्टी यांच्यामध्ये कायदा उभा राहिला की काय होतं, हे मला नॉर्मंडीत शिकावं लागलं नाही.

नॉर्मंडीत या दारूची पहिली लेखी खूण एका रोजनिशीत आहे. कोतांतँ द्वीपकल्पात मेनिल-ओ-वाल इथे जील द गुबरविल नावाचा जमीनदार राहत होता. राजाच्या जंगलखात्याचा अधिकारी, आणि कलमं बांधण्याचं वेड असलेला. रोज काय केलं, कोणाला किती मजुरी दिली, कोणतं कलम कुठे बांधलं, हे तो वर्षानुवर्षं लिहीत राहिला. 1553 च्या त्याच्या नोंदीत सायडर गाळल्याचा उल्लेख येतो. त्यापुढचा मोठा टप्पा 1713 चा. द्राक्षदारूवाल्यांचं हित जपायला राजाने द्राक्षाखेरीज इतर कशाचीही दारू गाळायला बंदी केली. नॉर्मंडी आणि ब्रिटनीला सायडरपुरती सूट दिली, पण दारू बाहेर पाठवायची नाही, तिथेच खपवायची. द्राक्षाची कोन्याक समुद्रापार जाऊन श्रीमंत झाली, आणि सायडरची दारू शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात राहिली. तिचा सगळा स्वभाव त्या सक्तीतून आला असं मला वाटतं. राज्यक्रांतीनंतर बंधनं गेली. 1790 मध्ये नवे जिल्हे झाले, त्यातल्या एकाचं नाव काल्वादोस ठेवलं, पुढे तेच दारूला चिकटलं. 1870 नंतर फिलॉक्सेरा किडीने द्राक्षमळे उजाड केले तेव्हा पॅरिसलाही सफरचंदाची आठवण झाली.

काल्वादोसचं नाव प्रदेशाशी कायद्याने बांधणारं 1942 चं नामांकन युद्धाच्या गरजेतून आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अल्कोहोल जप्त करून कारखान्यांकडे वळवलं जात होतं. नाव आणि प्रदेश कायद्याने बांधलेल्या दारूला त्यातून संरक्षण होतं. पेई दोजला त्या वर्षी पूर्ण नामांकन मिळालं, बाकीच्या भागांना आणि ब्रिटनी-मेनच्या सायडर-दारूला त्याहून खालच्या पायरीचं. दोनच वर्षांनी लढाई याच बागांमधून गेली. दोस्तांच्या फौजा उतरल्या त्यातले ओमाहा, गोल्ड, जूनो आणि स्वोर्ड हे चारही किनारे काल्वादोस जिल्ह्याचेच. आधी जर्मनांपासून लपवण्यासाठी शेणखताच्या ढिगाखाली पुरलेल्या बाटल्या नंतर कॅनेडियन आणि ब्रिटिश सैनिकांसाठी उकरल्याच्या गोष्टी तिथे अजून घरोघरी सांगतात.

इथवर लिहून थांबले तर खोटं ठरेल. या दारूने नॉर्मंडीचं केलेलं नुकसानही तितकंच खरं आहे.

कॉफी-काल्वा ही सकाळची सवय होती. कामावर जाण्याआधी उकळती कॉफी, तिच्यात दारू. कॉफी संपली की गरम कपात पुन्हा थोडी ओतून कप विसळून प्यायची, त्याला ‘रँसेत’ म्हणत. आणि त्यावर आणखी एकदा विसळायलाही नाव होतं. गोदी कामगार, शेतमजूर, गवंडी, बायका, सगळ्यांत हे चाले. लहान मुलांच्या दप्तरात दुपारच्या जेवणाबरोबर सायडरची बाटली असे. शाळेच्या खानावळीत 14 वर्षांखालच्या मुलांना मद्य देण्यावर फ्रान्समध्ये बंदी आली ती 1956 मध्ये. घरी पिंप होतं, त्यावर कर नव्हता, आणि दहा लिटरची मर्यादा कोण मोजायला येणार? दारूपायी खंगलेले बाप, मारहाण, लवकर गेलेली माणसं यांच्या आठवणी माझ्या ओळखीच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या घरात निघाल्या. त्या सांगताना कोणी आवाज चढवला नाही.

पियेर मांदेस फ्रांस 1954 मध्ये पंतप्रधान झाले. ते ऊर जिल्ह्याचे खासदार आणि लुव्हियेचे महापौर, म्हणजे याच नॉर्मंडीच्या मतदारांनी निवडून दिलेले. दारूविरोधी मोहीम त्यांनी उघडपणे हाती घेतली, शाळेत मुलांना दूध सुरू केलं, संसदेतही दुधाचा पेला पुढे ठेवला. त्यांनीच बागवाल्यांची करमाफी आखडण्याचा निर्णय घेतला. टीका झाली, चेष्टा झाली, आणि त्या विरोधात उघड ज्यूद्वेषही मिसळला होता. 1955 च्या फेब्रुवारीत त्यांचं सरकार पडलं, ते पडायची कारणं दुसरीही होती. पण निर्णयाची अंमलबजावणी पुढे ढकलली जात राहिली, कारण बागवाल्यांची मतं लाखोंनी होती. स्वतःच्या मतदारांच्या कोठारातल्या पिंपाला हात घालणारा राजकारणी मला फार मोठा वाटतो. पुढे द गॉलच्या काळात सरकारने संसदेकडून खास अधिकार घेऊन 1960 चा अध्यादेश काढला, आणि जे मांदेस फ्रांसना जमलं नाही ते झालं: आजच्या मतदाराला धक्का नाही, उद्याच्याला काही मिळणार नाही.

दारू कमी व्हायला हवी होती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण करमाफी गेल्यावर पिणं थांबलं असंही नाही; लोक दुकानातली स्वस्त दारू प्यायले. बंद पडलं ते गाळणं. आणि गाळणं बंद पडलं की झाडाला काम उरत नाही. त्याच काळात सायडरची झाडं उपटण्यासाठी सरकार अनुदान देऊ लागलं होतं. दुधाला भाव होता, मक्याला होता, ट्रॅक्टरला मोकळं शेत हवं होतं. शंभर वर्षांची झाडं एका सकाळी साखळी बांधून ओढून काढली. अध्यादेशाने एकट्याने हे केलं नाही. पण झाड ठेवायचं एक घरगुती कारण त्याने काढून घेतलं, याचं मला वाईट वाटतं, आणि मांदेस फ्रांसबद्दलच्या आदराने ते कमी होत नाही.

दोंफ्रोंच्या बाजूला अशा एका घरी मी हिवाळ्यात गेले होते. गाळण्याचा दिवस होता. फिरती भट्टी गावात ओढ्याकाठी, जुन्या धुण्याच्या दगडांपाशी लावली होती, कारण वाफ थंड करायला सतत पाणी लागतं. चाकांच्या गाड्यावर तांब्याचा उंच स्तंभ. या भागात दोनदा गाळत नाहीत, स्तंभातून एकाच वेळी वर चढत जाते. वर्षातले बरेच महिने ही भट्टी अबकारी खात्याच्या शिशाच्या सीलखाली असते. कोणी कुठल्या दिवशी किती सायडर गाळणार याचा कागद आधीच गेलेला असावा लागतो. गावकरी ट्रेलरवर पिंपं घेऊन येतात, जळणही आपापलं आणतात. धूर, वाफ आणि आंबट सायडरचा वास सगळ्यांच्या कपड्यांत बसतो.

त्या घरची आजी नव्वदीच्या पुढची. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, हक्क तिच्याकडे आला होता. घरामागची बाग तिच्या नावावर होती, रस्त्यापलीकडची मुलाच्या. मुलगा सत्तरीला टेकलेला. दोन्ही बागांतली झाडं तिच्या सासऱ्यांच्याही आधीची, पॉयरे आणि सायडर एकाच दाबयंत्रातून निघालेलं, ट्रेलर एकच. पण भट्टीवाल्याच्या वहीत पानं दोन. आधी तिची पिंपं गाळली, करमाफ. मग स्तंभ रिकामा करून मुलाची, करासकट. पहिल्या दहा लिटरवर त्याला तेव्हा निम्मी सवलत मिळे. मी त्याला विचारलं, पुढे काय? तो म्हणाला, आई आहे तोवर दोन पानं, मग एक, आणि माझ्या मुलाने गाळायचं ठरवलं तर तेही एक. “त्याला वेळ असला तर.” आजी खुर्चीत घोंगडी पांघरून बसली होती. तिने सही केली, चष्मा पुसला आणि भट्टीवाल्याला बजावलं की या खेपेला फार तापवू नकोस, मागच्या वर्षी करपट आली होती. तो “हो मादाम” म्हणाला आणि त्याने खरोखरच जाळ ओढला.

बादलीत पडणारी दारू पाण्यासारखी स्वच्छ होती. दुकानातल्या बाटलीचा मधाचा रंग आणि मऊपणा येतो तो ओकच्या पिंपातून. आधी नव्या लाकडात तुरटपणा आणि रंग घेते, मग जुन्या पिंपात हलवतात, जिथे ती लाकडातून श्वास घेत राहते आणि दर वर्षी थोडी उडून जाते. पाणी एकदम घालत नाहीत, वर्षानुवर्षं थोडं थोडं घालत 40 टक्क्यांच्या आसपास आणतात. आजीच्या घरची मात्र बरीचशी तशीच, वेताची वीण घातलेल्या काचेच्या बुधल्यात, पांढरी. जेवणाच्या मध्यावर छोटा घोट घेतात, त्याला त्रू नॉर्मां म्हणतात; हॉटेलात आता त्या जागी सफरचंदाच्या बर्फगोळ्यावर चमचाभर दारू येते. घरातला घोट मला जास्त प्रामाणिक वाटला. नासपतीचा वास आधी आला, आग नंतर.

26 डिसेंबर 1999 च्या वादळात त्या भागातली खूप जुनी झाडं आडवी झाली. त्याआधी दोनच वर्षं, 1997 मध्ये, दोंफ्रोंतॅला स्वतःचं नामांकन मिळालं होतं. नियमात नासपती अनिवार्य आणि किमान तीन वर्षं ओकमध्ये, त्यामुळे पडलेल्या झाडांच्या जागी उंच खोडाची नवी नासपती लावायला काही शेतकऱ्यांना कारण मिळालं. घरगुती भट्टीने जे सांभाळलं होतं त्यातलं काही आता विक्रीचं नामांकन सांभाळतंय. मला यात समाधानही आहे आणि खंतही. बाटलीचं गिऱ्हाईक पॅरिसचं किंवा परदेशचं असतं, शेजारचं क्वचित. पण झाड उभं राहतंय, आणि मी झाडाच्या बाजूची आहे.

कोणाला चव घ्यायचीच असेल आणि फ्रान्सला जाणं होणार असेल, तर विमानतळावरची सगळ्यात चकचकीत बाटली उचलू नका. लेबलवर नुसतं ‘काल्वादोस’ आहे की पुढे ‘पेई दोज’ किंवा ‘दोंफ्रोंतॅ’ आहे ते पाहा. पेई दोज गोलाईदार, मुरलेल्या सफरचंदाची; दोंफ्रोंतॅ हलकी आणि सुगंधी. व्ही.एस.ओ.पी. म्हणजे पिंपात किमान चार वर्षं, एक्स.ओ. किंवा ‘ऑर दाज’ म्हणजे किमान सहा. फार जुनी असली की लाकूडच बोलतं, फळ मागे पडतं, म्हणून मला चार ते सहा वर्षांची पुरे वाटते. ब्रिटनीत गेलात तर तिथली सायडर-दारू ‘लांबिग’ मागा, ती पर्यटकांच्या दुकानांत कमी दिसते. आणि दारू झेपत नसेल तर पोमो चाखा: ताज्या सफरचंदाच्या न आंबलेल्या रसात काल्वादोस मिसळून पिंपात ठेवलेलं, 17 टक्क्यांच्या आसपासचं. जेवणाआधी थंड करून देतात. शेतावर थेट विकणारे खूप आहेत. रस्त्याकडेला पाटी असते. बाटली घेण्याआधी बाग दाखवायला सांगा. बहुतेक जण हातातलं काम टाकून दाखवतात, आणि कोणतं झाड कोणी लावलं तेही सांगतात.